बर्तलोचा तिसरा नियम

अकबराच्या दरबारात सोऱ्याला दोन कामं होती, एक तोफखान्यात आणि दुसरं पाणी गार करण्याचं. दुसऱ्या कामाची कृती अबुल फझलने ‘आइन-ए-अकबरी’त नोंदवून ठेवली आहे. धातूच्या सुरईत शेरभर पाणी भरून तिचं तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि सुरई त्यात फिरवत राहायची. थोड्या वेळात आतलं पाणी गार होतं. बंदुकीच्या दारूत आग ओकणाऱ्या पदार्थाकडूनच गारवा मिळवायची ही युक्ती पातशहाची, असं अबुल फझल सांगतो. खरं तर ती त्याच्याही आधी अरबी ग्रंथांत येऊन गेली होती. पण दरबारी इतिहासकाराने श्रेय कुणाच्या पदरात टाकायचं, हे दरबारातच ठरलेलं असतं.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याचे शंभर ग्रॅम पाण्यात विरघळताना आजूबाजूची सुमारे ३५ किलोज्यूल उष्णता ओढून घेतात. तोच सोरा कोळसा आणि गंधकाबरोबर पेटला की उष्णता बाहेर फेकतो. एका पदार्थाच्या अंगी हे दोन्ही गुण कसे, हा प्रश्न कुणालाही पडावा असाच आहे. पण त्याचं उत्तर द्यायला आधी उष्णता मोजता यायला हवी होती, आणि ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कुणालाच मोजता येत नव्हती. तापमापी होते, पण ते तापमान सांगत; किती उष्णता आली आणि किती गेली, हे सांगत नसत. हा फरक ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६० च्या सुमारास लक्षात आणून दिला. बर्फ वितळत असताना उष्णता घेतच राहतो आणि तापमापीतला पारा मात्र जागचा हलत नाही.

शाळेत आपण रासायनिक अभिक्रियांच्या दोन जाती शिकतो. उष्णता सोडते ती उष्मादायी, उष्णता शोषते ती उष्माग्राही. दोन-चार गुणांचा प्रश्न, दोन-दोन उदाहरणं, की धडा संपला. याच विभागणीवर उभारलेल्या एका नियमाने एकोणिसाव्या शतकात युरोपचं रसायनशास्त्र पंचवीसेक वर्षं व्यापलं होतं आणि त्या नियमाशी भिडलेल्या एका तरुणाला पॅरिसची दारं बंद झाली, हे मात्र त्या धड्यात नसतं.

सुरुवात पॅरिसच्याच एका हिवाळ्यात झाली. आंत्वान लाव्हाझिए तेव्हा सरकारी दारूखात्याचा एक प्रमुख होता. त्याचं घर आणि प्रयोगशाळा दोन्ही शस्त्रागाराच्या आवारात होती. फ्रान्सला सोऱ्याची तेव्हा चणचण होती. जगातला उत्तम सोरा बिहारात निघे, आणि सात वर्षांच्या युद्धानंतर तो सगळा इंग्रजांच्या मुठीत गेला होता. तेव्हा दारूची शक्ती नेमकी कशात असते, ही लाव्हाझिएची नुसती जिज्ञासा नव्हती, ते त्याच्या नोकरीचं काम होतं. १७८२-८३ च्या थंडीत त्याने गणिती लाप्लासला सोबतीला घेतलं आणि दोघांनी उष्णता मोजण्याचं एक भांडं बनवलं. भांड्यात एकात एक असे तीन कप्पे होते. सगळ्यात आत जाळीची टोपली, तिच्यात जळणारा किंवा तापलेला पदार्थ. तिच्याभोवती ठेचलेला बर्फ. त्याच्याबाहेर बर्फाचाच आणखी एक थर, खोलीची ऊब अडवण्यासाठी. आतल्या पदार्थाने सोडलेली उष्णता मधला बर्फ वितळवी आणि पाणी खालच्या तोटीतून गळे. ते पाणी तोललं की झाली उष्णता मोजून.

कल्पना देखणी होती, पण भांडं हट्टी. खोलीतली हवा शून्याच्या किंचितच वर असेल तेव्हाच ते नीट चाले, म्हणजे प्रयोगांचा हंगाम पॅरिसच्या थंडीपुरता. इंग्लंडात चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार जोसाया वेजवूड याने ते करून पाहिलं, तर त्याच्या ध्यानात आलं की वितळलेलं पाणी बर्फाच्या खड्यांमध्येच अडकून बसतं आणि तोटीतून सगळं बाहेर पडत नाही. आक्षेप रास्त होता. तरीही या भांड्यातून निघालेले आकडे पुढच्या सगळ्या हकिकतीचा पाया आहेत. दोघांनी त्यात कोळसा जाळला, फॉस्फरस जाळला, सोऱ्याबरोबर कोळशाचा भडका उडवला, आणि एक गिनीपिगही बसवला. त्या प्राण्याने दहा तासांत साधारण १३ औंस बर्फ वितळवला. तेवढ्या वेळात त्याने जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, तेवढाच कोळसा जाळून मिळवला तर साडेदहा औंसांच्या आसपास बर्फ वितळतो. आकडे तंतोतंत जुळले नाहीत. पण श्वास घेणं हे एक संथ जळणंच आहे, असं म्हणण्याइतके ते जवळ होते.

या प्रयोगांवर दोघांनी लिहिलेल्या निबंधात आणखी एक विधान आहे, आणि आपल्या गोष्टीत तेच महत्त्वाचं: पदार्थ जुळताना जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढीच तो फोडताना परत द्यावी लागते. लाव्हाझिए उष्णतेला एक वजनहीन द्रव मानत होता. १७८९ च्या ग्रंथात त्याने तिला मूलद्रव्यांच्या यादीतही बसवलं. ती समजूत चुकीची ठरली, पण जमाखर्चाचा नियम टिकला. लाव्हाझिए स्वतः टिकला नाही. मे १७९४ मध्ये गिलोटिनने त्याचा जीव घेतला. लाप्लास मात्र क्रांती, सम्राट आणि पुन्हा राजा अशा सगळ्या राजवटींतून सहीसलामत पार झाला.

हा जमाखर्च पुढच्या पायरीवर नेला तो जेर्मां हेसने. जन्म १८०२ सालचा, जिनिव्हातला. लहानपणीच कुटुंब रशियात गेलं. तिथे तो वैद्यक शिकला आणि थेट सैबेरियातल्या इर्कुत्स्कला डॉक्टरकी करत राहिला. मग सेंट पीटर्सबर्गला येऊन रसायनशास्त्रात रमला. गंधकाम्लात आधी कमी-जास्त पाणी घालायचं, मग ते अमोनियाने उदासीन करायचं, आणि दोन्ही पायऱ्यांवर निघालेली उष्णता मोजायची, असा त्याचा प्रयोग. पाणी जास्त घातलं तर पहिल्या पायरीला उष्णता जास्त निघे, आणि दुसऱ्या पायरीला नेमकी तेवढीच कमी. बेरीज तीच. १८४० मध्ये त्याने नियम मांडला: सुरुवात आणि शेवट ठरलेले असले की एकूण उष्णता ठरलेली, मग अभिक्रिया कोणत्याही वाटेने जावो.

या नियमाचं आपल्याकडचं उदाहरण जुन्या वाड्यांच्या भिंतींत सापडतं. भट्टीत चुनखडी भाजली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर ग्रॅम चुनखडीमागे ही अभिक्रिया १७८ किलोज्यूल उष्णता खाते. म्हणून तर चुन्याच्या भट्टीला एवढं जळण लागे. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो चरचरतो, फुटतो, वाफा सोडतो. इथे ६५ किलोज्यूल परत मिळतात. मग घाणीत मळलेला तो चुना दगडांच्या सांध्यात बसतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून पुन्हा चुनखडी होतो. त्याला महिने, कधी वर्षं लागतात, आणि हात लावून ऊब जाणवणार नाही इतक्या सावकाश उरलेले ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. पासष्ट आणि एकशे तेरा, एकशे अठ्ठ्याहत्तर. भट्टीवाल्याने लाकडाच्या रूपाने भरलेलं सगळं परत आलं. हेसच्या हाती हा दाखला नव्हता, पण त्याचं म्हणणं हेच होतं. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम रॉबर्ट मायरने छापला तो १८४२ मध्ये, हेसच्या दोन वर्षं नंतर. हेस १८५० मध्ये वारला.

पुढे फाव्र आणि सिल्बरमान या दोघा फ्रेंचांनी एक गोष्ट पक्की मोजून दाखवली, ती सांगायलाच हवी. कोळसा शुद्ध प्राणवायूत जाळण्यापेक्षा नायट्रस ऑक्साइडमध्ये जाळला तर जास्त उष्णता निघते. आता हा विरोधाभासच म्हणायचा. नायट्रस ऑक्साइडमधला प्राणवायू आधी नायट्रोजनपासून तोडायला हवा. तोडायला खर्च येतो. मग उष्णता कमी निघायला हवी. निघते मात्र जास्त. याचा अर्थ तो वायू फुटताना उष्णता खात नाही, उलट देतो. त्याच्या पोटात घडणीच्या वेळचीच उष्णता दडून बसलेली असते. मूलद्रव्यांपासून बनताना उष्णता शोषून घेणारी संयुगंही असतात, आणि ती चिडकी असतात, हे इथून ध्यानात आलं.

आता माणसं दोन झाली, एक कोपनहेगनचा आणि एक पॅरिसचा.

कोपनहेगनचा यूलियस थॉमसेन गरिबीतून वर आलेला. ग्रीनलंडमध्ये सापडणाऱ्या क्रायोलाइट खनिजापासून सोडा बनवण्याची रीत त्याने शोधली आणि तिच्यावर कारखाना उभा राहिला, तेव्हा पैशाची चिंता मिटली. बाकीचा जन्म त्याने उष्णता मोजण्यात घालवला. साडेतीन हजारांच्या घरात मोजमापं, आणि तीही साहाय्यकांवर न सोपवता स्वतःच्या हातांनी केलेली. १८८२ ते १८८६ या काळात त्यांचे चार जाडजूड खंड निघाले. माणूस कोरडा होता, पण त्याचे आकडे चोख. १८५४ मध्येच त्याने एक सूत्र मांडलं होतं, की निव्वळ रासायनिक अशी कोणतीही क्रिया उष्णता सोडतच घडते.

पॅरिसचा मार्सेलँ बर्तलो नेमका उलट स्वभावाचा. १८२७ मध्ये एका डॉक्टरच्या घरी जन्मला. बुद्धी अफाट, दरारा त्याहून मोठा. विद्युत ठिणगीच्या झोतात कार्बन आणि हायड्रोजन थेट जोडून त्याने १८६२ मध्ये ॲसिटिलीन बनवलं. सेंद्रिय पदार्थ बनवायला सजीवांची काही खास शक्ती लागते, या जुन्या समजुतीवर शेवटचे घाव घालणाऱ्यांत तो होता. पुढे तो आजीव सिनेटर झाला, शिक्षणमंत्री झाला, थोडे महिने परराष्ट्रमंत्रीही झाला. पाश्चरनंतर विज्ञान अकादमीचा स्थायी सचिवही तोच. १८७० मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हा संरक्षणासाठी नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. तिथूनच त्याला स्फोटकांचा नाद लागला.

त्या नादातून एक फार उपयोगी वस्तू निघाली. १८८१ मध्ये बर्तलोने पोलादाचं, आतून प्लॅटिनम लावलेलं जाड भांडं बनवलं. त्यात पदार्थ ठेवायचा, दाबाखाली प्राणवायू भरायचा, ते पाण्यात बुडवायचं आणि विजेच्या ठिणगीने आतला पदार्थ पेटवायचा. क्षणात सगळं जळून जातं आणि भोवतालचं पाणी किती तापलं ते वाचता येतं. कोळशाची प्रत ठरवताना आणि खाद्यपदार्थांची ऊर्जा मोजताना आजही याच भांड्याचे वंशज वापरतात. बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरीचे आकडे छापलेले असतात, त्यांच्या मुळाशी अशीच जाळून केलेली मोजमापं आहेत.

उष्मादायी आणि उष्माग्राही ही दोन नावंही बर्तलोचीच, १८६० च्या दशकातली. दुसऱ्या जातीतल्या संयुगांवर त्याने जीव तोडून काम केलं. ॲसिटिलीन हे त्यांतलं ठळक. २६ ग्रॅम ॲसिटिलीन बनताना सुमारे २२७ किलोज्यूल उष्णता पोटात घेतं आणि जळताना ती जळण्याच्या उष्णतेत भर घालते. वेल्डिंगच्या ज्योतीला एवढी धार येते ती काही अंशी यामुळे. हा वायू दोन वातावरणांहून जास्त दाबाखाली ठेवला तर हवा नसतानाही एका ठिणगीने फुटत जातो, हे बर्तलो आणि त्याचा सहकारी व्हिएय यांनी १८९६ मध्ये दाखवलं. म्हणूनच आजही वेल्डिंगवाल्याच्या सिलिंडरमध्ये तो मोकळा भरत नाहीत. सच्छिद्र पदार्थात मुरवलेल्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. आपल्याकडे जुन्या सायकलींच्या कार्बाइडच्या दिव्यात जळायचा तो हाच वायू. कार्बाइड लावून पिकवलेल्या आंब्यांवर बंदी असली तरी ते बाजारात येतात. तिथेही फळाला पिकवण्याची घाई करतो तो हाच.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बर्तलोला कायदा हवा होता.

त्याने उष्णतेच्या रसायनाची तीन तत्त्वं मांडली. पहिली दोन म्हणजे हेसच्या आणि ऊर्जेच्या हिशेबाची पुनर्मांडणी, त्यांत वादाला जागा नव्हती. तिसरं तत्त्व १८७३ पर्यंत पक्कं झालं. बाहेरची ऊर्जा मध्ये पडली नाही तर प्रत्येक रासायनिक बदल सर्वांत जास्त उष्णता सोडणाऱ्या पदार्थांच्या दिशेने जातो, असं ते तत्त्व. नाव दिलं ‘महत्तम कार्याचं तत्त्व’. दोन पदार्थ एकत्र आले तर काय होईल, हे आता प्रयोग न करताही सांगता येणार होतं. उष्णतेचे तक्ते उघडायचे, जास्त उष्णता सोडणारी वाट शोधायची, अभिक्रिया तीच वाट धरेल. थॉमसेनने लगेच सांगितलं की हे तर मी वीस वर्षांपूर्वीच म्हटलं आहे. भांडण झालं, नियतकालिकांतून उणीदुणी निघाली. त्यात फारसं काही घेण्यासारखं नाही.

बर्तलोचं वाक्य इतकं टिकलं याचं कारण ते बहुतेक वेळा खरं ठरतं. कोळसा जळतो, लोखंड गंजतं, आम्लात जस्त विरघळतं, चुना पाणी पितो. सगळीकडे उष्णता बाहेर. १८७९ मध्ये त्याने दोन खंडांचा ग्रंथ काढून अशा दाखल्यांचा डोंगर उभा केला. एवढ्या दाखल्यांसमोर अपवादांची बाजू कोण घेणार?

अपवाद मात्र होतेच, आणि कुठे लपलेलेही नव्हते. ग्लॉबर मीठ तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात टाकलं तर मिश्रण शून्याच्या बरंच खाली उतरतं. थंडी निर्माण करण्याची ती जुनी, सर्वांना ठाऊक असलेली कृती होती. सायट्रिक ॲसिड आणि खायचा सोडा पाण्यात एकत्र करा, बुडबुडे फसफसून वर येतात आणि पेला हाताला गार लागतो. हे कुणी बाहेरून तापवून घडवत नाही, आपोआप घडतं. अकबराचा सोराही कुणाच्या हुकमाची वाट न पाहता विरघळत होता.

बर्तलोकडे यावर उत्तर होतं. विरघळणं ही रासायनिक क्रिया नव्हे, ती भौतिक. क्षार पाण्यात सुटे होतात, ते भोवतालच्या उष्णतेच्या बळावर. म्हणजे बाहेरची ऊर्जा आलीच की. जिथे उष्णता सुटे तिथे रसायन, जिथे शोषली जाई तिथे कुठलीतरी परकी शक्ती. ही वाट एकदा धरली की नियमाला हरवणं अशक्य होतं, आणि मला वाटतं, त्याच्या विरोधकांना खरा राग याचा होता. चुकलेला नियम दुरुस्त करता येतो, पण कधीच चुकू न शकणाऱ्या नियमाचं काय करायचं?

गंमत अशी की त्याच्या विरुद्धचा सर्वांत चांगला पुरावा त्याच्याच हातचा होता. १८६२-६३ मध्ये पेआँ द सँ-जिल्स याच्यासोबत त्याने अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्ल यांच्या अभिक्रियेचा फार नेटका अभ्यास केला होता. दोन्ही सारख्या प्रमाणात घेतले तर सुमारे दोन-तृतीयांश पदार्थाचं एस्टर नावाचं संयुग आणि पाणी होतं आणि अभिक्रिया थांबते. उलट बाजूने, एस्टर आणि पाण्यापासून सुरुवात केली तरी ती त्याच जागी येऊन थांबते. उष्णतेची देवघेव इथे जवळजवळ शून्य. नियम खरा असता तर अभिक्रियेने एका टोकाला पोहोचायला हवं होतं, किंवा मुळात हलायलाच नको होतं. ती मध्येच का थांबते? नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी हेच आकडे हाताशी धरून १८६४ मध्ये रासायनिक समतोलाचा सिद्धांत उभा करायला घेतला. बर्तलो स्वतः त्या वाटेने गेला नाही.

खरी चावी पुढे अमेरिकेत तयार झाली, पण ती कुणाच्या हाती लागत नव्हती. येल विद्यापीठातल्या विलर्ड गिब्जने १८७५ ते १८७८ दरम्यान कनेटिकटच्या एका स्थानिक अकादमीच्या नियतकालिकात तीनशे पानांचा निबंध छापला. ते नियतकालिक युरोपात क्वचितच कुणी वाचत असे, आणि ज्यांनी वाचलं त्यांतल्या बहुतेकांना गणित झेपलं नाही. १८८२ मध्ये बर्लिनच्या हेल्महोल्ट्झने स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पाऊल ठेवलं. दोघांचं सांगणं असं, की अभिक्रिया कोणत्या दिशेने जाईल हे एकट्या उष्णतेवर ठरत नाही. पदार्थाचे कण किती वेगवेगळ्या प्रकारे मांडले जाऊ शकतात, त्याचाही वाटा असतो. त्याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. तापमान जितकं वाढतं तितका हा वाटाही वाढतो. शोषलेल्या उष्णतेतून तापमान गुणिले एन्ट्रॉपीची वाढ वजा करून जे उरतं, ते जिकडे शून्याखाली जातं तिकडे अभिक्रिया जाते. सोऱ्याच्या स्फटिकात आयन रांगेत जखडलेले असतात, पाण्यात ते मोकळे फिरतात. या मोकळिकीचा फायदा इतका मोठा की त्यासाठी लागणारी उष्णता भांड्यातून आणि सुरईतून ओढून घेतली तरी व्यवहार पुरा होतो.

मग बर्तलोचा नियम इतक्या ठिकाणी का चालला? कारण जोरकस अभिक्रियांमध्ये उष्णतेचा आकडा शेकडो किलोज्यूलचा असतो, आणि नेहमीच्या तापमानाला एन्ट्रॉपीचा वाटा त्यापुढे किरकोळ ठरतो. उष्णतेचा आकडा लहान झाला, किंवा तापमान फार चढलं, की पारडं फिरतं.

हे सगळं नीट वाचून पचवणाऱ्या फ्रान्समधल्या पहिल्या काही माणसांत एक विद्यार्थी होता. पिएर दुएम, पॅरिसच्या एकोल नॉर्मालमध्ये शिकत होता. १८८४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, पदवी पदरात पडण्याआधीच त्याने डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला. विषय होता रासायनिक अभिक्रियांची ऊष्मागतिकी. त्यात गिब्ज आणि हेल्महोल्ट्झच्या आधाराने महत्तम कार्याचं तत्त्व चुकीचं असल्याचं दाखवलं होतं. बर्तलोच्या शहरात, बर्तलोच्या माणसांपुढे. गाब्रिएल लिपमन अध्यक्ष असलेल्या परीक्षक मंडळाने प्रबंध फेटाळला. परीक्षकांच्या मनात नेमकं काय होतं, हे कागदोपत्री सिद्ध करणं कठीण आहे. दुएमने मात्र कच खाल्ली नाही. १८८६ मध्ये तोच प्रबंध त्याने पुस्तकरूपाने छापून टाकला. डॉक्टरेट मिळवली ती १८८८ मध्ये, चुंबकत्वावरच्या दुसऱ्या प्रबंधावर.

वैर नुसतं शास्त्रीय नव्हतं. दुएम कट्टर कॅथलिक आणि राजकारणात सनातनी; बर्तलो धर्म न मानणारा, प्रजासत्ताकाचा आधारस्तंभ. स्वभावाने दुएम तिरसट होता, आणि हयातीतल्या थोरांच्या चुका काढताना लेखणी आवरण्याची त्याला सवय नव्हती. हा तरुण पॅरिसमध्ये कधीही शिकवणार नाही, असं बर्तलोने म्हटल्याचं दुएमचे चरित्रकार सांगतात. बर्तलो तसं म्हणाला असो वा नसो, घडलं तसंच. दुएम लीलला गेला, मग रेनला, मग १८९४ मध्ये बोर्दोला, आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. त्या काळच्या फ्रान्समध्ये शास्त्रज्ञाला पॅरिसबाहेर राहणं म्हणजे जवळजवळ हद्दपारीच. एव्हाना बर्तलो शिक्षणमंत्री होऊन गेला होता. पाण्याचं सूत्र तो अजून जुन्या पद्धतीने, हायड्रोजनचा एकच भाग धरून लिहीत असे. अणूंवर त्याचा विश्वास नव्हता, आणि त्याच्या वजनामुळे फ्रान्सच्या अध्यापनातही अणूंची पद्धत उशिरा आली. एका माणसाच्या प्रतिष्ठेची किंमत विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी मोजली, हा प्रश्न फ्रेंच इतिहासकार आजही चघळतात.

१८८४ साल आणखी दोन कारणांनी मोठं. ॲमस्टरडॅमच्या व्हान्ट हॉफने समतोल आणि तापमान यांचं नातं सूत्रात बांधलं, आणि फ्रान्समध्येच आंरी ल शातलिएने तेच सोप्या शब्दांत सांगितलं. तापमान वाढवलं की समतोल उष्णता शोषणाऱ्या बाजूला सरकतो, उतरवलं की सोडणाऱ्या बाजूला. इथे जुनी विभागणी पुन्हा कामाला आली, वेगळ्या भूमिकेत. अभिक्रिया होईल की नाही, हे उष्मादायी-उष्माग्राही हा भेद सांगत नाही, पण भट्टी किती तापवायची हे नक्की सांगतो.

ते किती मोलाचं आहे हे पुढच्या पंचवीस वर्षांत कळलं. नायट्रोजन आणि हायड्रोजन जुळून अमोनिया होतो तेव्हा उष्णता सुटते. म्हणजे तापवावं तितका अमोनिया कमी मिळणार. न तापवावं तर अभिक्रिया हलतच नाही. ल शातलिएने १९०१ मध्ये दाबाचा उपाय करून पाहिला, उपकरणाचा स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला. १९०९ च्या जुलैमध्ये कार्ल्सरुहला फ्रिट्झ हाबरने योग्य उत्प्रेरक आणि प्रचंड दाब यांच्या जोरावर थेंबथेंब अमोनिया काढून दाखवला. मुंबईत ट्रॉम्बेला आणि अलिबागजवळ थळला खताचे कारखाने अमोनिया बनवतात, ते हीच अडचण रोज सोडवत. तिकडे नॉर्वेत बिर्केलान आणि आयडे यांनी उलट वाट धरली. नायट्रोजन आणि प्राणवायू यांचं मीलन उष्णता खाणारं, म्हणून त्यांनी विजेच्या झोतात हवा हजारो अंश तापवली. रीत चालली, पण नॉर्वेसारखी धबधब्यांची स्वस्त वीज इतरांकडे नव्हती.

थॉमसेनने आपल्या सूत्राला अपवाद आहेत हे १८८० च्या दशकातच मान्य केलं. बर्तलो अधिक चिवट निघाला. १८९० च्या दशकात त्याने एन्ट्रॉपीला आपल्या तत्त्वात कुठेतरी जागा करून देण्याचा प्रयत्न केला. १८९७ मध्ये त्याचा उष्णतेच्या रसायनावरचा नवा ग्रंथ आला तेव्हा दुएमने बोर्दोहून त्याचं लांबलचक, झोंबणारं परीक्षण लिहिलं.

१९०६ मध्ये, बर्तलो हयात असतानाच, जर्मनीच्या वाल्टर नेर्न्स्टने दाखवलं की तापमान निरपेक्ष शून्याकडे उतरत जातं तसा एन्ट्रॉपीचा वाटा नाहीसा होत जातो आणि तिथे बर्तलोचं तिसरं तत्त्व खरं ठरतं. उणे २७३ अंशांजवळ. या शोधासाठी नेर्न्स्टला १९२० चं नोबेल मिळालं.

१८ मार्च १९०७ रोजी बर्तलोची पत्नी सोफी वारली आणि काही तासांत तोही गेला. दोघांना वेगळं करू नये म्हणून सरकारने दोघांनाही पाँतेओंमध्ये, फ्रान्सच्या थोरांच्या समाधिस्थळी, जागा दिली. तिथे विसावलेली सोफी ही पहिली स्त्री. सहा वर्षांनी, १९१३ मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीने राजधानीबाहेर राहणाऱ्यांसाठी सदस्यत्वाच्या सहा नव्या जागा निर्माण केल्या. त्यांतली एक दुएमला मिळाली, आणि अटीत तो चपखल बसत होता.